गंजिफा : चित्रांची पूजा, नियमांचा विसर

१/२२
सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू आणि केतू. नऊ ग्रह, प्रत्येक ग्रहाची बारा पाने, एकूण १०८ गोल पाने. हा एखाद्या परदेशी कंपनीचा नवा संच नव्हे. ही गंजिफा या भारतीय पत्त्यांच्या खेळाची नवग्रह आवृत्ती होय. या खेळाविषयी समाजमाध्यमांवर पुष्कळ लिहिले जाते. त्यातील बहुतेक लेखन एका बाजूने खोटा अभिमान वाढवते, दुसऱ्या बाजूने खोटा तिटकारा पसरवते, आणि या दोहोंच्या गदारोळात खुद्द खेळ मरतो आहे. प्रस्तुत धागा त्या दोन्ही बाजूंच्या विरोधात आहे.

२/२२
आरंभ आजच्या तरुणांना ठाऊक असलेल्या गोष्टीपासून करणे योग्य. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाचा ‘एज ऑफ इटर्निटीज’ हा अंतराळावर आधारलेला संच प्रसिद्ध झाला. त्याची चर्चा कशावर झाली? नियमांवर. ‘वॉर्प’ या नियमाने एखादे पान स्वस्तात, पण एका डावापुरतेच मैदानात येते, बाहेर जाते आणि पुढे पुन्हा खेळता येते. ‘स्टेशन’ या नियमाने अवकाशयान किंवा ग्रह आपोआप कामाला लागत नाही. आपल्या बाजूच्या प्राण्यांची शक्ती त्यात भरावी लागते. खेळाडूंनी चित्रे पाहिली, दाद दिली, आणि लगेच नियम तपासायला घेतले.

३/२२
आता याच तरुणांच्या नजरेसमोर गंजिफाचे छायाचित्र येते तेव्हा काय घडते, तेही पाहावे. ‘किती सुंदर’, ‘आपला वारसा’, ‘जतन व्हायला हवे’ असे तीन शेरे पडतात आणि विषय संपतो. हे पान कोणत्या पानावर मात करते, डाव कोण उघडतो, किती जण खेळतात, हे विचारणारा विरळाच. परक्या खेळाबाबत जी जिज्ञासा आहे ती आपल्या खेळाबाबत कुठे जाते? खेळाला चित्र समजणे हीच पहिली चूक आहे. पुढच्या सगळ्या चुका तिच्यातून जन्मतात.

४/२२
प्रथम खेळाची मांडणी. एका चिन्हाच्या बारा पानांच्या गटाला रंग म्हणावे. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. मोगल गंजिफात असे आठ रंग, म्हणजे ९६ पाने. दशावतारी गंजिफात दहा रंग, १२० पाने. नवग्रहात नऊ रंग, १०८ पाने. राशी गंजिफात बारा रंग, १४४ पाने. ही आवृत्ती प्रामुख्याने सावंतवाडीची. तिघे खेळाडू बसले तर मोगल डावात प्रत्येकाला ३२, नवग्रहात ३६, दशावतारात ४० आणि राशीत ४८ पाने मिळतात. रंग वाढला की स्मरणशक्तीवरचा भार वाढतो. आजच्या भाषेत, हेच त्या खेळाचे विस्तारसंच होते.

५/२२
आता पहिला खोटा अभिमान. ‘क्रीडापत्रम्’ या नावाने प्राचीन भारतात पत्ते खेळले जात, असे एक वाक्य शेकडो ठिकाणी जसेच्या तसे आढळते. कोणत्या ग्रंथात, कोणत्या शतकात, कोणत्या लेखात, हे ते वाक्य कधीच सांगत नाही. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले, तिसऱ्याने त्यावर एखाद्या प्राचीन मंदिराचे छायाचित्र लावले. वारंवार उतरवलेले वाक्य पुरावा ठरत नाही. इतिहासाची आवड असणाऱ्याने निदान एवढी शिस्त पाळलीच पाहिजे.

६/२२
या मोहाची परीक्षा घेण्यासाठी कंधारसारखे गाव दुसरे नाही. नांदेड जिल्ह्यातील मन्याड नदीच्या परिसरातले हे गाव राष्ट्रकूटांच्या वैभवाचे साक्षीदार. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील शिलालेख येथे सापडला. जगत्तुंग सागर हा तलाव येथे आहे. क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे भग्न अवयव येथे आहेत, आणि रुंद खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला आहे. अशा गावाला कोणतीही ‘प्राचीन’ गोष्ट सहज चिकटवता येते. किल्ल्याचे छायाचित्र, त्याशेजारी सूर्याचे एक गोल पान आणि खाली ‘राष्ट्रकूट दरबारातील ग्रहांचा खेळ’ अशी ओळ. एवढे केले की हजारो लोक ते पुढे पाठवतील.

७/२२
परंतु हिशेब मांडून पाहावा. तिसऱ्या कृष्णाची कारकीर्द इ.स. ९३९ ते ९६७. भारतातील गंजिफाचा पहिला भक्कम उल्लेख १५२७ चा, तोही बाबराच्या आत्मचरित्रातील. मधले अंतर साडेपाचशे वर्षांहून अधिक. एवढ्या दीर्घ काळावर केवळ अभिमानाच्या जोरावर पूल बांधता येत नाही. राष्ट्रकूटांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी वेरूळचे कैलास लेणे पुरेसे आहे. त्यांच्या हातात न खेळलेले पत्ते देण्याची गरज नाही.

८/२२
बाबराचा उल्लेख नेमका काय सांगतो, तेही लक्षात घेण्याजोगे आहे. सिंधचा शाह हसन अर्घून याने गंजिफा मागितला होता, म्हणून बाबराने तो त्याच्याकडे रवाना केला. या शाह हसनचा पिता शाह बेग याची सत्ता पूर्वी कंदाहारवर होती. १५२२ मध्ये बाबराने ते शहर त्याच्याकडून घेतले. येथे एक सापळा आहे. फारसी लिखाणात अफगाणिस्तानातील ते शहर आणि आपले मराठवाड्यातील कंधार ही दोन्ही नावे सारखीच दिसतात. उद्या कोणी या नोंदीच्या आधारे ‘गंजिफाचा उगम कंधारात’ असे लिहिले, तर ती चूक मोठ्या सहजतेने पसरेल. नावाचे साम्य म्हणजे संबंध नव्हे.

९/२२
प्राचीनतावाद्यांच्या बाजूने एकच वजनदार साक्ष आहे, आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. अबुल फझल ‘आईन-इ-अकबरी’त सांगतो की पूर्वीच्या ज्ञात्यांनी बारा हा अंक पायाभूत धरून बारा रंगांचा खेळ रचला. त्या रंगांची नावे अश्वपती, गजपती, नरपती, धनपती, दलपती अशी आहेत. त्यात एक ‘गढपती’ही आहे : किल्ल्यावर मांडलेल्या सिंहासनावर बसलेला राजा. किल्ल्यांच्या प्रदेशातील वाचकाला हे पान विशेष आवडावे. नावे निःसंशय भारतीय आहेत. पण अबुल फझल लिहितो सोळाव्या शतकाच्या अखेरीस. ‘पूर्वीचे ज्ञाते’ या त्याच्या शब्दांना तो कोणतेही शतक जोडत नाही. त्याची साक्ष एवढेच सिद्ध करते की तोवर भारतीयांनी हा खेळ आपलासा करून त्याची स्वतंत्र घडण केली होती. ही गोष्ट लहान नाही, मात्र ती प्राचीनतेचा पुरावाही नाही.

१०/२२
आता दुसरी बाजू, जी स्वतःला अधिक शहाणी समजते. तिचे म्हणणे असे : गंजिफा हा परका खेळ, मोगलांनी आणला, आपल्याकडच्यांनी त्यावर मत्स्य-कूर्म रंगवले, ग्रह रंगवले, झाले. आत काहीच आपले नाही. हे मतही चित्रावरच थांबलेले आहे. प्राचीनतावादी चित्र पाहून ‘आपले’ म्हणतो, हा चित्र खरवडून ‘परके’ म्हणतो. दोघांनीही नियम वाचलेला नाही. नियम वाचला तर दोघांचेही म्हणणे कोसळते.

११/२२
मोगल गंजिफाचे आठ रंग असे : ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. मुकुट, रुप्याचे नाणे, तलवार, सेवक, वीणेसारखे वाद्य, सोन्याचे नाणे, दस्तऐवज आणि कापडचोपड. दरबारातील खजिना, दफ्तर, शस्त्रागार, कोठी यांचाच हा पट. यात ग्रहाचे चित्र कुठेही नाही. पण डाव कोणी उघडायचा? दिवसा खेळ असेल तर सुर्खचा राजा ज्याच्या हाती तो. रात्री असेल तर सफेदचा राजा ज्याच्या हाती तो. सोने म्हणजे सूर्य, रुपे म्हणजे चंद्र. चित्रात आकाश नसताना नियमात ते पूर्णपणे आहे.

१२/२२
या नियमाचे वैशिष्ट्य आजच्या खेळाशी ताडून पाहिल्यास उमगते. ‘मॅजिक’ने २०२१ मध्ये ‘इनिस्ट्राड : मिडनाइट हंट’ या संचात दिवस-रात्रीचा नियम सर्व खेळाडूंना लागू होईल अशा रीतीने आणला. तेथे दिवस मावळतो तो खेळाच्या आत : एखाद्या खेळाडूने आपल्या पाळीत एकही मंत्र टाकला नाही की रात्र होते. गंजिफात सूर्य खिडकीबाहेर मावळतो. दुपारी वाटलेल्या डावात जो राजा डाव उघडतो, तोच दिवेलागणीनंतर वाटलेल्या डावात तो मान गमावतो. पान तेच, खेळाडू तेच, फक्त वेळ बदलली. खऱ्या आकाशाला खेळात सामील करून घेणारा हा नियम शेकडो वर्षे जुना आहे आणि आजही नवा वाटावा असा आहे.

१३/२२
हा नियम दशावतारी गंजिफात कसा उतरला, येथे खरी गंमत आहे. तेथे दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो डाव उघडतो आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. रामजन्म माध्यान्ही, कृष्णजन्म मध्यरात्री. सोने-रुप्याच्या जागी कोणतेही दोन अवतार बसवता आले असते. पण दहांतून नेमके हेच दोन निवडले गेले, हा योगायोग मानणे कठीण आहे. ज्याने ही निवड केली त्याला मोगल नियमाचा अर्थ नीट कळला होता आणि आपल्या परंपरेत त्याला जोड कुठे सापडेल, हेही कळले होते.

१४/२२
याला ‘वरवरचा रंग’ म्हणणे म्हणजे उत्तम भाषांतराला नक्कल म्हणण्यासारखे आहे. आणि हे भाषांतर शब्दशःही नाही. मोगल खेळात अर्ध्या रंगांची उतरंड उलटी असते. ताज, सफेद, शमशेर, गुलाम यांत राजा-वजिरानंतर दश्शी मोठी व एक्का लहान. चंग, सुर्ख, बरात, किमाश यांत एक्का मोठा व दश्शी सर्वांत लहान. म्हणजे सूर्य उलट्या गटात आणि चंद्र सुलट्या गटात पडतो. दशावतारात मत्स्यापासून वामनापर्यंतचे पहिले पाच रंग उलटे आणि परशुरामापासून कल्कीपर्यंतचे पाच सुलटे. राम आणि कृष्ण दोघेही सुलट्या गटात आले. रचनाकाराने मूळ नियमाचे तत्त्व ठेवले आणि मांडणी आपल्या अवतारक्रमाप्रमाणे बदलली.

१५/२२
उलट्या उतरंडीचा हा नियम खेळाला धार देतो. वाटपात लहान आकड्यांची पाने आली म्हणून कोणी रडत बसू शकत नाही. माशांची दुर्री जड ठरू शकते आणि परशूची दुर्री अगदी हलकी. एक रंग दुसऱ्याला कापत नाही. उतरलेल्या रंगाचे सर्वांत वरचे पान हात जिंकते. म्हणून कोणत्या रंगातील कोणती पाने बाहेर पडली आणि आता वरचे कोणते उरले, हे प्रत्येकाने लक्षात ठेवायचे. तेही अर्धे रंग सरळ आणि अर्धे उलट मोजत. १२० पानांच्या खेळात ही साधी गोष्ट नाही. गंजिफा हा मुळात स्मरणाचा खेळ आहे.

१६/२२
आणि हाच नियम इतिहासाचा सर्वांत बोलका दस्तऐवज ठरतो. स्पेनच्या ओंब्र या खेळात आणि युरोपातील जुन्या टॅरो खेळांतही निम्म्या रंगांची उतरंड अशीच उलटी असे. चार रंगांचे इस्लामी पत्ते, ज्यांचा इजिप्तच्या मामलूक काळातील संच इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे, हे या दोन्ही टोकांना जोडणारे दुवे. चित्रे प्रत्येक देशात बदलली : कुठे पेले, कुठे बदाम, कुठे कासव. नियम मात्र पत्त्यांबरोबर प्रवास करत राहिला. इतिहासाचा अभ्यासक चित्रावर थांबला तर त्याला फक्त स्थानिक कला दिसते. नियम वाचला तर भूमध्य समुद्रापासून कोकणापर्यंतची वाट दिसते.

१७/२२
नवग्रह गंजिफाविषयी आणखी एक भाबडी कल्पना फोडली पाहिजे. ‘१०८ पाने, १०८ मणी, नक्षत्रांचे १०८ चरण, पाहा पूर्वजांचे खगोलज्ञान’ असे सांगितले जाते. हिशेब साधा आहे. रंगात बारा पाने ही चौकट आधीपासून ठरलेली होती. आठ रंग घेतले की ९६, दहा घेतले की १२०, बारा घेतले की १४४, आणि नऊ घेतले की १०८. नक्षत्रचरणांचा १०८ हा २७ गुणिले ४ या वेगळ्या गणितातून येतो. दोन वेगळ्या वाटा एका आकड्यावर मिळाल्या, म्हणून एक दुसरीची जननी होत नाही. रचनाकाराला हा मेळ आवडला असेल. पण त्यासाठी ९६ आणि १२० या आकड्यांकडे डोळेझाक करणे हा अभ्यास नव्हे.

१८/२२
आता प्रत्यक्ष हानीकडे. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली. कागदाच्या थरांची चकती, चिंचोक्याची खळ, हाताने काढलेले चित्र, वरून लाखेचा लेप : ही चिकाटीची कारागिरी आहे आणि तिच्याविषयी केवळ आदरच असावा. दोष कारागिरांचा नाही. दोष विकत घेणाऱ्यांचा आणि कौतुक करणाऱ्यांचा आहे. ९६ पानांच्या संचातील दहा पाने चौकटीत बसवून भिंतीवर टांगली की खेळ संपला. तबला काचेच्या कपाटात ठेवून कोणी संगीताचे जतन केले, असे म्हणत नाही. गंजिफाच्या बाबतीत मात्र नेमके हेच म्हटले जाते.

१९/२२
पुन्हा कंधारकडे वळावे, कारण हे गाव योग्य वाटही दाखवते. या किल्ल्याचा इतिहास राष्ट्रकूटांशी जोडलेला आहे आणि त्याच्या भिंतींत फारसी शिलालेखही आहेत. बहमनी, निजामशाही, १६३१ मध्ये नसीरी खानाने किल्ला घेतल्यानंतर मोगल, पुढे हैदराबादचे आसफजाही आणि १९४८ नंतर स्वतंत्र भारत. कोणत्या एका राजवटीच्या नावाने हा किल्ला खरवडून ‘शुद्ध’ करू गेल्यास हाती ढिगारा उरेल. याच किल्ल्याच्या पूर्वेला, गोदावरीच्या पलीकडे निर्मळ आहे. तेथील नकाश कारागीर लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहेत; गंजिफाची पानेही त्या गावात रंगवली जात. म्हणजे मराठवाड्याच्या वेशीवरच या खेळाचे एक घर होते. थरांवर थर चढलेला किल्ला आणि थरांवर थर चढलेला खेळ, दोन्ही दख्खनच्या एकाच रीतीने घडले आहेत.

२०/२२
‘हे नियम फार किचकट आहेत, आजची मुले खेळणार नाहीत,’ असा एक आक्षेप नेहमी येतो. ज्या ‘मॅजिक’ने आरंभ केला, त्याच्या संपूर्ण नियमावलीची पाने दोनशेहून अधिक आहेत, आणि ती मुले आवडीने पाठ करतात. गंजिफाचे मूळ नियम एका पोस्टकार्डावर मावतात. दुसरा आक्षेप : संच महाग असतो. हाताने रंगवलेला संच महाग असणारच आणि असावाही. परंतु खेळायला तो लागत नाही. त्याचा उपाय प्रत्येक घरात पडून आहे.

२१/२२
एकाच छापाच्या पाठीचे साध्या पत्त्यांचे दोन जोड घ्यावेत. दोन्हींतून जोकर व गुलाम काढावेत. प्रत्येक रंगात राजा, राणी आणि एक्का ते दश्शी अशी बारा पाने उरतात. आठ रंग, ९६ पाने : मोगल गंजिफा तयार. दुसऱ्या जोडाच्या पानांच्या दर्शनी बाजूवर शाईचा एक ठिपका द्यावा. ठिपका नसलेले चार रंग सुलटे, ठिपक्याचे चार उलटे. ठिपक्याची चौकट म्हणजे सुर्ख, अर्थात सूर्य; बिनठिपक्याची चौकट म्हणजे सफेद, अर्थात चंद्र. राणीला वजीर मानावे. तिघांनी बसावे, पाने वाटावीत. दिवस असेल तर सूर्याचा राजा ज्याच्याकडे त्याने तो राजा आणि सोबत आणखी एक पान एकदम उतरावे; इतरांनी दोन-दोन पाने द्यावीत. तिसऱ्या जोडातून एक रंग वेगळी खूण करून घातला की नऊ रंग, १०८ पाने. दोन घातले की दहा रंग, १२० पाने.

२२/२२
एवढे केल्यावर मग अभिमान बाळगावा. तो खोट्या प्राचीनतेचा नसेल, कारण खेळाडूला १५२७ ठाऊक असेल. तो परकेपणाच्या न्यूनगंडाने झाकोळलेला नसेल, कारण राम दिवसा आणि कृष्ण रात्री का उतरतो, हे त्याने स्वतः खेळून पाहिलेले असेल. कंधारच्या किल्ल्यावर सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांनी खंदकाच्या सावलीत असा एक डाव मांडला, तर ‘वारसा वाचवा’ असे लिहिलेल्या शंभर छायाचित्रांपेक्षा गंजिफाचे अधिक भले होईल. सुट्टीच्या दुपारी सुरुवात करावी. दुसरा डाव सूर्यास्तानंतर वाटावा आणि उघडण्याचा मान कोणाकडे जातो ते पाहावे.